विमान लंडनला पोचेपर्यंत

बंगळूर ते लंडन आठ हजार किलोमीटर आणि विमानाला साडेदहा तास, हे विठोजीला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. जन्मतारीख तरी त्याला कुणी धड सांगितली होती! चिकपेटेतल्या एका साड्यांच्या ठोक दुकानात त्यानं उभा जन्म गठ्ठे बांधले. गोणपाटात शिवायचे, वर शाईनं गावाचं नाव घालायचं आणि लॉरीवर चढवायचे. त्यामुळं जग मोजायची त्याची रीत ठरलेली होती. हुबळी म्हणजे एक रात्र. सोलापूर म्हणजे रात्र आणि वर अर्धा दिवस. कलकत्ता म्हणजे गठ्ठा पोचेपर्यंत गिऱ्हाइकाच्या शिव्या. एकुलता एक मुलगा अभिमन्यू लंडनला नोकरीला निघाला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "किती वेळाची वाट रे?" आणि उत्तर ऐकून हसला. "हात्तिच्या! मग सोलापूरपेक्षा जवळच की."

बोलायला ठीक आहे. पण गठ्ठा लॉरीवर चढला की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत विठोजीचा जीव थाऱ्यावर नसायचा, मग हा तर पोटचा गोळा. अभिमन्यूनं विठोजीच्या फोनवर विमान बघायची सोय करून दिली होती. नकाशा आणि त्यावर मुंगीच्या चालीनं सरकणारं एवढंसं पिवळं विमान. विठोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून फोन बायकोच्या हातात आणि प्रश्न याच्या तोंडात. "कुठवर गं?" "समुद्रावर." घटकाभरानं पुन्हा, "कुठवर?" "अहो, समुद्र काय तळं आहे का, लगेच संपायला?" रत्नाबाई वैतागायची, पण सांगायची. दिवसभर सांगायची.

तिचे स्वतःचे नियम निराळे होते. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, डोक्यावरून न्हायचं नाही, डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे उंबरा ओलांडलेल्याला मागून हाक मारायची नाही. छत्री राहो, डबा राहो, हाक नाही म्हणजे नाही. यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेमागून इकडं आलं आणि राहून गेलं. आईची अव्वा झाली, बापाचा अप्पा झाला, बोलण्यात 'ठीक'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येऊन बसले, पण हे नियम जसेच्या तसे राहिले. रत्नाबाईनं ते सासूकडून घेतले आणि कधी मोडले नाहीत. मोडावेसे वाटले, असंही त्या फेब्रुवारीपर्यंत कधी झालं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत विठोजीच्या छातीनं पहिल्यांदा दगा दिला म्हणून अभिमन्यू रजा काढून आला होता. आठवडा राहीन म्हणता म्हणता तीन आठवडे राहिला. तिकडं लंडनला त्याची बायको संयोगिता दिवस भरलेली, एकटी. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख देऊन टाकली होती, म्हणजे मूल शुक्रवारी होणार हे नक्की. म्हणून अभिमन्यू बुधवारी पहाटे निघाला. विठोजी शाल पांघरून खुर्चीत बसला होता. मुलगा पाया पडला. "तिच्याजवळ राहा," विठोजी म्हणाला. "इथं मी ठणठणीत आहे."

अभिमन्यू जिना उतरला, आणि विठोजीनं छातीवर मूठ आवळली.

चेहरा घामानं डबडबला. रत्नाबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि गॅलरीकडं धाव घेतली. टॅक्सी गल्लीच्या कोपऱ्यावर होती. मागचे लाल दिवे लागलेले, गाडी हलत नव्हती. अख्खी गल्ली चिडीचूप. नुसतं 'अभी' म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. नाव तिच्या घशात आलं आणि तिथंच थांबलं. कुणी अडवलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं जी हाक मारली नाही ती आयत्या वेळी फुटेना. आणि तेवढ्यात आतून विठोजीचा आवाज आला, "रत्ना, बोलवू नको त्याला." मग तर तिला आधारच मिळाला. टॅक्सी आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग वळून गेली.

नंतर तिनं जिभेखालची गोळी दिली, पाठ चोळली, डॉक्टर बोलवते म्हणाली. म्हातारा ऐकेल तर शपथ. "डॉक्टर आला की खालची रम्या वर येईल. रम्या आली की अभीला फोन करेल. फोन केला की तो सामान टाकून परत येईल. तिकडं त्या पोरीचं काय? आधी विमान सुटू दे. मग बोलव कुणाला बोलवायचं ते." रत्नाबाईनं दोनदा फोन हातात घेतला. फोन म्हणजे तरी काय, लांबून मारलेली हाकच की. दोनदा खाली ठेवला.

उजाडलं. सातच्या सुमारास नकाशावर पिवळं विमान उमटलं.

"सुटलं," ती म्हणाली.

"कुठवर गं?"

"आत्ताच तर उठलंय. होसकोटेच्या अंगानं वळतंय."

विठोजीनं समाधानानं मान हलवली. विमान वळून पश्चिमेला लागलं तेव्हा ती सांगायला वाकली, तर सांगायला समोर कुणी नव्हतं.

खालच्या मजल्यावरची रम्या सगळ्यात आधी वर आली. तिनंच डॉक्टरांना आणलं. विठोजीचा धाकटा भाऊ शंभूराज रिक्षा करून आला आणि दारातच त्यानं "अण्णा!" म्हणून हंबरडा फोडला. रत्नाबाई ताडकन उठली आणि तिनं दिराच्या तोंडावर हात ठेवला. होय, साठी उलटलेल्या दिराच्या तोंडावर!

"रडायचं नाही. पोर वाटेत आहे."

"वहिनी, अहो, अण्णा गेले..."

"मला माहीत आहे कोण गेलं ते. मी शेजारी होते. पण अभी पोचेपर्यंत या घरात कुणी रडायचं नाही आणि यांना कुणी जागचं हलवायचं नाही. ज्याला रडायचंय त्यानं खाली जाऊन रडावं."

शंभूराज चांगला माणूस, पण समाजाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी माणसाला दुःखसुद्धा वेळेवर उरकायचं असतं. डोळे पुसून त्यानं खिशातून फोन काढला. समाजाच्या ग्रुपवर फोटो टाकायला हवा, फुलांची चौकट त्याच्याकडं तयारच होती. रत्नाबाईनं तो हिसकावून घेतला. त्या ग्रुपवर अभिमन्यूही होता. विमानातसुद्धा हल्ली नेट लागतं असं रम्यानं सांगितलं, तेव्हापासून तिला एकच भीती धरली होती. आभाळात, अनोळखी माणसांच्या मधोमध, पट्टा बांधून बसलेल्या आपल्या मुलाला बाप गेल्याचं झेंडूच्या चौकटीतून कळायचं! छे. कळायचं ते तिच्या तोंडून, आणि पाय जमिनीला लागल्यावर.

"सरी," शंभूराज म्हणाला. "पण सूर्य मावळायच्या आत न्यायला हवं, वहिनी. आपल्यात दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत."

"विमान साडेपाचला उतरतं. दिवस बुडायला त्यानंतर पाऊण तास असतो. मी त्याला विचारते. येतो म्हणाला तर उद्यापर्यंत ठेवायचं. नाही म्हणाला तर तुम्ही अग्नी द्या."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

रत्नाबाई पुन्हा पलंगाशी जाऊन बसली. तिला मुलगा हवा होता. दुसरं काय हवं असणार? बापाला मुलाच्या हातचा अग्नी मिळावा, आणि आपल्याला त्याच्या खांद्यावर डोकं टेकता यावं. पण शुक्रवारही तिच्या डोळ्यांसमोर होता. पोचलेल्या पोराला परत बोलवायचं म्हणजे तिकडं मूल जन्मणार आणि बाप इकडं स्मशानात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुपारपर्यंत माणसं येऊन गेली. घरात केर तसाच. चूल नाही, रडणं नाही, कुजबुजसुद्धा नाही. असं मयताचं घर कुणी पाहिलं नव्हतं. बायका पाच मिनिटं बसायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि पदर सावरत निघून जायच्या. शंभूराजनं भाड्यानं आणवलेली बर्फाची काचपेटी बाहेरच्या खोलीत रिकामीच घुरघुरत होती. आत पलंगावर विठोजी छातीपर्यंत पांघरूण घेऊन पडलेला, डोकं उशीवर, एक हात बाहेर. कुणीही म्हटलं असतं, डोळा लागलाय.

रत्नाबाई त्याच्या उशाशी फोन घेऊन बसली होती.

विमान अरबी समुद्रावर गेलं. खाली निळंच निळं. तिथं विठोजीचा मुलगा खिडकीला डोकं टेकून बसला असेल, जेवणाचा डबा उघडत असेल, पोचल्यावर अप्पांना काय सांगायचं ते मनात जुळवत असेल. त्याच्या लेखी बाप जिवंत होता. पक्का जिवंत, शाल पांघरून खुर्चीत बसलेला. तो उतरेपर्यंत तिथं वर, एवढ्याशा पिवळ्या ठिपक्यात, विठोजी जिवंतच राहणार होता. हे रत्नाबाईच्या मनात आलं. मग तिला वाटलं, उतरूच नये ते विमान. आणि लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घेतली तिनं. विमान उतरू नये म्हणजे काय, मेले!

"कुठवर गं?"

"समुद्र संपला," ती म्हणाली. "वाळवंट लागलं."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं हळूच मान वळवली. विठोजी जसा होता तसाच. ओठ मिटलेले. दारात शंभूराज उभा होता, हातात पाण्याचा तांब्या.

"कुणाशी बोलताय, वहिनी?"

"तुम्ही विचारलंत ना, कुठवर म्हणून?"

"मी नाही," शंभूराज म्हणाला. त्यानं पाणी तिथंच दाराशी ठेवलं. त्यानंतर तो आत आला नाही.

रत्नाबाई घाबरली का? सुरुवातीला घाबरली. मग म्हणाली, घाबरायचं काय त्यात. पंचेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज कानातून लगेच कसा जाईल? आणि गेला नाही तर बरंच की. पुढच्या वेळी आवाज आला तेव्हा तिनं मान वळवली नाही, फक्त उत्तर दिलं. "तुर्कस्तान, असं लिहिलंय." मग पुन्हा, "काळा समुद्र. नावालाच काळा हो, दिसतो निळाच." ती सांगत राहिली. सांगताना तिला बरं वाटायचं आणि सांगून झालं की थंडी वाजायची.

तिसऱ्या प्रहरी रम्या कॉफी घेऊन वर आली. चांगली मुलगी, सकाळपासून चार वेळा जिना चढली होती. पेला पुढं करत म्हणाली, "अक्का, स्वल्प तरी घ्या. आत्ता अप्पांचा खोकला ऐकू आला, म्हटलं उठले असतील, त्यांनाही..." आणि ती जागच्या जागी थिजली. जिन्यातल्या प्रत्येकाला विठोजीचा खोकला ओळखीचा होता, तीन वेळा कोरडा आणि मग एक मोठा. रम्यानं पलंगाकडं बघितलं, रत्नाबाईकडं बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"रडायचं नाही," रत्नाबाई म्हणाली. पण हे तिनं हळू म्हटलं. रम्याचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. आपल्या एकटीलाच ऐकू येतं असं नाही, एवढं कळल्यानंही माणसाला किती धीर येतो!

मात्र एक गोष्ट तिनं रम्यालाही सांगितली नाही. गॅलरीतून दिसलेले ते लाल दिवे. दिवसभर डोळे मिटले की तेच. प्रत्येक वेळी गाडी कोपऱ्यावर उभी, प्रत्येक वेळी नाव घशात, आणि प्रत्येक वेळी गाडी वळून जायची. हाक मारली असती तर? अभी धावत आला असता, बापाला उचलून नेलं असतं, मोठं हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर होतं. वाचलाही असता म्हातारा. कुणी सांगावं? उद्या अभीनं विचारलंच, अव्वा, तुला केव्हा कळलं, तर काय सांगायचं?

साडेपाच वाजले. विमान लंडनवर पोचलं, पण उतरेना. पिवळा ठिपका शहराच्या एका बाजूला गोल गोल फिरू लागला. "गर्दी असते, अक्का, जागा मिळेपर्यंत फिरवतात," रम्या म्हणाली. रिक्षावाल्यासारखं? रिक्षावाल्यासारखंच. इकडं समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन वर सरकत होतं. खाली गाडी येऊन थांबली होती, बांबू आणि माठ आले होते, चार माणसं जिन्यात चपला काढून उभी होती. शंभूराजनं दारातूनच घसा खाकरला.

"वहिनी, सूर्य."

"दिसतोय मला."

"आता नाही निघालो तर..."

"निघायचं नाही म्हटलं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की जिन्यातली माणसं दोन पायऱ्या मागं सरली.

ठिपका फिरत होता. एक चक्कर, आणखी एक. मग तो सरळ झाला, बारीक होत गेला आणि थांबला.

"उतरलं," रत्नाबाई म्हणाली. या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

फोन विठोजीचा, तिच्या हातात. पडद्यावर नाव उमटलं. अभिमन्यू पोचल्यावर पहिला फोन नेहमी बापालाच करायचा. तिनं बटण दाबलं आणि कानाला लावला.

"अप्पा, पोचलो," अभिमन्यू म्हणाला. पाठीमागं माणसांचा गलका होता, कुणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगत होती. "पाव तास वरच फिरवत ठेवलं बघा. तुम्ही बघितलं असेल ना? अप्पा?"

"अभी, मी आहे."

तो गलक्यातून बाजूला झाला असावा, आवाज जवळ आला.

"अप्पा कुठं आहेत?"

"अप्पा गेले रे." किती जुळणी केली होती तिनं दिवसभर, आधी हे सांगायचं, मग ते सांगायचं. सगळं बाजूला राहिलं. "सकाळीच गेले. तुझं विमान सुटल्याचं ऐकलं आणि गेले. त्रास तू जिना उतरलास तेव्हाच सुरू झाला होता. मला माहीत होतं, अभी. मी बोलावलं नाही तुला."

तिला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी लहानपणीच्या आवाजात बोलला.

"पाया पडलो ना, तेव्हा अप्पांचे पाय गार लागले मला. बर्फासारखे. टॅक्सीत बसलो आणि राहवेना. ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब. कोपऱ्यावर थांबलो होतो गं मी. मागच्या काचेतून तू दिसत होतीस गॅलरीत. म्हटलं, काही असेल तर अव्वा हाक मारेल. एक हाक मारली तरी उतरायचं, असं ठरवून बसलो होतो. मग म्हटलं, अव्वा मारत नाही, म्हणजे सगळं ठीक असणार."

रत्नाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अव्वा, येऊ का मी? तू म्हण. नुसतं ये म्हण, मी इथूनच मागं वळतो. साडेदहा तासांत येतो."

ये. एक अक्षर. ते तिच्या ओठांवर होतं, जिभेवर होतं, सगळ्या अंगात होतं. तिनं पलंगाकडं बघितलं. विठोजीचा पांघरुणाबाहेरचा हात बघितला. परवा शुक्रवार. तिकडं ती पोर पोट धरून दाराकडं डोळे लावून बसली असेल.

"नको," ती म्हणाली. "संयोगिताकडं जा, बाळा. तिला एकदम सांगू नकोस. आधी काहीतरी खा."

तो रडू लागला. ती ऐकत राहिली. त्याचं रडणं जरा ओसरेपर्यंत तिनं फोन कानाचा काढला नाही. मग खाली ठेवला.

"काय म्हणाला?" शंभूराजनं दारातून विचारलं.

"पोचला. तुम्ही अग्नी द्या, भावजी. या आत सगळे. रडायचं त्यांनी रडा आता."

माणसं आत आली. कुणी दिवा लावला, कुणी पांघरूण काढू लागलं, आणि शंभूराजचा सकाळपासून अडलेला हंबरडा घरभर फुटला. त्या गोंधळात रत्नाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. रम्याला वाटलं, निरोप घेत असेल. पण ती त्याला आणखी एकदा सांगत होती, दिवसभर सांगितलं तसंच, फक्त आता तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता.

"कोपऱ्यावर होता हो आपला अभी. कुठं गेलाच नव्हता. कोपऱ्यावर थांबला होता."